मधल्या डोहातले कंबरेएवढे पाणी

भात कापून झाल्याशिवाय मधल्या डोहात पाय घालायचा नाही.

हे वाक्य माझे नाही. मुलुंड पश्चिमेच्या डोंगरात एका पाड्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्याने ते मला सांगितले. मी ते वहीत उतरवून घेतले, मजकुरात लिहिले, आणि ते छापले गेले नाही. माझे वाक्य मात्र छापले गेले. ते असे: ‘मधल्या कुंडात पाणी कंबरेएवढे असल्याने पोहता न येणाऱ्यांनाही त्यात उतरता येते.’ दहा-बारा वर्षे ते दर पावसाळ्यात छापून येत होते. गेल्या जुलैत त्या वाक्यावर विसंबून माझी भाची पाण्यात उतरली.

धबधबा तीन टप्प्यांचा आहे. वरच्या टप्प्यावर काळ्या कातळात घागरीएवढी खळगी आहेत, तिथे पोहण्यासारखे काही नाही. तिथून पाणी दोन माणसांच्या उंचीवरून मधल्या डोहात पडते. हा डोह गोल, तीन बाजूंनी कातळाने बंद, एखाद्या चाळीच्या अंगणाएवढा. त्याच्या ओठावरून पाणी पसरत खालच्या टप्प्यावर येते. खालचा डोह उथळ आहे आणि त्याचा तळ दिसतो. भोवती ऐन, करंज आणि बांबू. इमारतींच्या शेवटच्या रांगेपासून चालत अर्धा तास.

मी पहिल्यांदा गेलो तो ऑक्टोबरचा शेवट होता. दिवाळी तोंडावर आली होती आणि आमच्या वर्तमानपत्राच्या पुरवणीला घराजवळच्या ठिकाणांवर पानभर मजकूर हवा होता. बरोबर छायाचित्रकार होता. वाट दाखवायला पाड्यावरचा तो म्हातारा आला. पाणी निवळशंख होते. मी स्वतः मधल्या डोहात उतरलो, या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. कुठेही कंबरेच्या वर पाणी नव्हते. पायाखाली वाळू होती. बातमीदाराने करायचे ते सगळे मी केले होते. पाहिले होते, मोजले होते, लिहून घेतले होते.

काठावर बसून म्हातारा म्हणाला, ‘आता हाय तसं पावसात नसतं. वरनं पाणी पडतं ना, ते वाळू उपसून नेतं. खाली विहीर होते विहीर. पाऊस सरला की वाळू परत भरते.’

‘मग तुम्ही पावसात काय करता?’

‘आम्ही उतरतच नाय. भात कापून झाल्याशिवाय मधल्या डोहात पाय घालायचा नाय. पाऊस लागला की बांबू आडवा टाकायचा, हितं, ह्या दोन दगडांवर. बांबू दिसला की आमचं ल्हान पोरगंबी मागं फिरतं.’

मी लिहून घेतले. त्याने विचारले, ‘पेपरात लिवशील ना?’

‘लिहायलाच आलोय, काका.’

‘धबधब्याचं नाय म्हणत मी. बांबूचं. ते लिव. शहरातली पोरं येतात, त्यांना कोण सांगणार?’

‘लिहितो.’

निघताना त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा हो म्हटले. तेवढ्यात छायाचित्रकार म्हणाला, ‘काका, जरा पाण्यात मधोमध उभे राहा ना. नुसतं पाणी काढलं तर खोली कळत नाही.’ भात कापून झाले होते. म्हातारा हसत हसत उतरला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. चांगला फोटो आला.

वर्तमानपत्रात मजकूर लिहिण्याची एक रीत असते. सर्वांत महत्त्वाचे पहिल्या परिच्छेदात, त्याहून कमी महत्त्वाचे दुसऱ्यात, असे करत शेवटी रंगत आणणारे एखादे वाक्य. कारण आयत्या वेळी जाहिरात आली की पानावरचा मजकूर शेवटून छाटतात. डेस्कवरचा माणूस वाचत बसत नाही, त्याला तेवढा वेळ नसतो. ही रीत आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवली जाते, आणि पुढे तीस वर्षे आम्ही ती नव्यांना शिकवतो.

म्हाताऱ्याचे वाक्य मी शेवटच्या परिच्छेदात टाकले होते. मला ते छान वाटले होते. शेवटाला शोभेल असे.

दिवाळीच्या आठवड्यात जाहिराती येणारच. सहा सेंटिमीटर मजकूर कमी करावा लागला. वाक्य गेले, बांबू गेला, वाळू गेली. कंबरेएवढे पाणी दुसऱ्या परिच्छेदात होते, ते राहिले. आदल्या रात्री पान पाहिले तेव्हा शेवट छाटलेला मला दिसला होता. मी काही बोललो नाही. बातमीदाराने डेस्कशी सहा सेंटिमीटरसाठी भांडायचे नसते, असा समज होता. माझाही होता.

पुढच्या जूनमध्ये पावसाळी सहलींचे पान करायचे होते. कोणीतरी जुना मजकूर काढला. जुना मजकूर पुन्हा वापरताना त्यातले ‘नुकतेच’, ‘दिवाळीच्या सुट्टीत’, महिना, वार, सगळे काढून टाकतात. मजकूर ताजा दिसावा म्हणून. तसा तो ताजा दिसला. त्यानंतर दर जूनमध्ये तो छापला गेला, वेबसाइटवर गेला, तिथून कुठल्या कुठल्या मोबाइलवर गेला. मी डेस्कवर आलो, मग मुख्य उपसंपादक झालो. ते पान माझ्या सहीने निदान चार वेळा छपाईला गेले आहे. चारही वेळा मी त्यातले शुद्धलेखन तपासले.

निवृत्त होऊन मला दोन वर्षे झाली होती. गेल्या जुलैत एका रविवारी कांदिवलीहून माझी धाकटी बहीण, तिचा नवरा आणि मुलगी आली. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. दारातूनच तिने मोबाइल नाचवला.

‘मामा, हे तू लिहिलंयस? तुझ्या घराच्या मागे एवढा झकास स्पॉट आणि तू आम्हाला कधी नेलं नाहीस?’

‘फार जुनं आहे ते.’

‘जुनं काय? कालच टाकलंय त्यांनी!’

बहिणीचा नवरा मूळचा मालवणचा. पाण्याचे नाव निघाले की त्याला बसवत नाही. ‘चला हो दादा,’ तो म्हणाला. ‘माझा जन्म खाडीत गेला. कंबरेएवढ्या पाण्याला काय घाबरायचं?’

बहीण म्हणाली, ‘हिला पोहता येत नाही.’

‘अगं आई, ते पण लिहिलंय मामाने. पोहता न येणाऱ्यांनाही.’ आणि तिने ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले.

मी हरकत घेतली नाही. खरे सांगायचे तर वाक्य ऐकून बरे वाटले.

शेवटच्या इमारतीमागे जंगलाच्या हद्दीची भिंत आहे. तिच्यावर प्रवेश मनाईचा फलक आहे आणि फलकापासून दहा पावलांवर माणूस सहज जाईल एवढे भगदाड आहे. त्या रविवारी भगदाडाशी रांग होती. वाटेवर चिप्सच्या पिशव्या, बाटल्या, एक फुटका स्पीकर. खालच्या डोहात उभे राहायला जागा नव्हती. भाची म्हणाली, ‘इथे नको यार, वरती जाऊ.’

मधल्या डोहाशी त्या मानाने गर्दी कमी होती. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचे, आणि वरून पडणाऱ्या धारेचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावे लागे. काठाच्या दोन दगडांवर एक जाड बांबू आडवा ठेवलेला होता.

त्या बांबूपाशी मी थबकलो. त्याचे काहीतरी होते एवढे आठवले. काय होते ते आठवले नाही. छापले गेलेले प्रत्येक वाक्य मला पाठ होते. जे छापले गेले नाही ते माझ्याही डोक्यातून गेले होते.

‘कोणी आडवा टाकलाय हा?’ म्हणत बहिणीच्या नवऱ्याने बांबू उचलून बाजूला केला. भाची पुढे झाली. मी म्हणालो, ‘जरा जपून.’ एवढेच म्हणालो.

पलीकडच्या कातळावर काकड्यांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. चाळिशीची असेल. ती उठून हात हलवत ओरडली, ‘ए पोरी! मागं फिर!’ भाचीला वाटले काकडी घे म्हणते आहे. तिने हसून मान हलवली. पहिल्या पावलाला पाणी गुडघ्यापर्यंत आले. दुसऱ्याला मांडीपर्यंत. तिसऱ्या पावलाला ती दिसेनाशी झाली.

पुढचे किती वेळात घडले ते मला सांगता येणार नाही. बाई कातळावरून धावत आली, बाजूला पडलेला बांबू उचलून तिने पाण्यात घातला आणि धारेच्या खाली नाही, तर तिच्या अलीकडे, पाणी फिरून वर येते तिथे धरला. तिला ती जागा माहीत होती. दोन हात बांबूला लागले. मग आम्ही तिघांनी ओढले. भाची कातळावर आली तेव्हा तिचा गुडघा सोलला होता, चपला गेल्या होत्या, मोबाइल गेला होता. तिने भडाभडा पाणी ओकले आणि मग रडायला लागली. बहीण रडली नाही. तिने आपली ओढणी मुलीला गुंडाळली आणि माझ्याकडे पाहिले.

बहिणीच्या नवऱ्याने बांबू पाण्यात उभा घालून पाहिला. तळ लागला नाही. रागावला की तो मालवणीवर येतो. ‘कंबार खंयची? ह्यां दोन पुरूस पाणी आसा!’

बाई धापा टाकत होती. ‘बांबू कोनी काढला?’ तिने विचारले. बहिणीच्या नवऱ्याने हातातला बांबू खाली ठेवला. ‘आडवा बांबू दिसतो तरी काढतात. दर ऐतवारी हेच. सांगितलं की मोबाइल दाखवतात. कंबरेएवढं हाय म्हणतात, पेपरात लिवलंय म्हणतात. कोन शाना लिवतो गं हे?’

ती बहिणीला विचारत होती. बहीण मुलीचे केस पुसत होती. तिने माझे नाव सांगावे असे मला वाटले.

‘मी लिहिलंय,’ मी म्हणालो.

बाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. ‘तूच काय तो? फोटोवाल्याला घेऊन आलेला?’

तो म्हातारा तिचा बाप. पाच वर्षांपूर्वी वारला. ‘तू गेल्यावर बाबा सगळ्यांना सांगत सुटला,’ ती म्हणाली. ‘पेपरात येनार हाय, बांबूचं येनार हाय, आता कोनी उतरनार नाय. पेपर आला तर कुनाकडनं तरी वाचून घेतला. त्यात बांबू नव्हता. बाबा म्हनला, जागा नसंल उरली.’

जागा नसेल उरली. आमच्या धंद्यात कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाने आमचे कारण आमच्या वतीने आधीच देऊन टाकले होते.

‘आता मी हितं बसते. काकड्या काय खालीबी इकल्या असत्या,’ ती म्हणाली. ‘तू ते पुसून टाक. नायतर बाबानं सांगितलेलं लिव. दोन्हीतलं एक कर.’

त्या रात्री मी जुनी वही शोधून काढली आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. पुरवणीची प्रमुख माझ्या हाताखाली शिकलेली. तिने चहा मागवला, मी काय म्हणतो ते शेवटपर्यंत ऐकले.

‘सर, शुद्धिपत्रक? इतक्या वर्षांनी?’

‘चूक इतकी वर्षे चालू आहे म्हणून.’

‘पण चूक कुठे आहे? तुम्ही गेलात तेव्हा पाणी कंबरेएवढंच होतं ना? मग बातमी बरोबर आहे, सर.’

‘ते पावसाळी सहलीच्या पानावर छापता तुम्ही.’

‘आम्ही नाही सर, आपण,’ ती म्हणाली. टोमणा होता आणि तो मला लागायलाच हवा होता. मग तिने आवाज खाली आणला. ‘शुद्धिपत्रक छापलं की वकिलांना विचारावं लागेल. उद्या कोणी काही झालं म्हणून आलं तर आपण कबूल केल्यासारखं होईल. असं करते, शेवटी एक ओळ टाकते. पर्यटकांनी काळजी घ्यावी.’

‘शेवटी?’

‘हो.’

‘आणि जाहिरात आली की?’

ती हसली. मी हसलो नाही. माझा आवाज चढला, आणि त्या खोलीत तो कधी चढला नव्हता, त्यामुळे पलीकडच्या टेबलांवरच्या माना वळल्या. काळजी घ्यावी म्हणजे काय घ्यावे, मी विचारले. कशाची? पाण्याची, वाळूची, की आपली? आपण तीस वर्षे लोकांना काळजी घ्यायला सांगतो आणि काळजी कशाने घेता येईल ते छाटून टाकतो. एका म्हाताऱ्याने नेमके सांगितले होते. कुठल्या डोहात, कधीपासून, कधीपर्यंत, खूण कोणती. त्याहून चांगली बातमी त्या पानावर आजवर आली नसेल. ती आपण फेकली आणि वर तिचीच जागा भरायला काळजी घ्यावी लिहिणार.

 ती उठली आणि तिची खुर्ची तिने मला दिली. ‘तुम्हीच लिहा. येत्या रविवारच्या पानावर घेते. शुद्धिपत्रक म्हणू नका फक्त.’

मी लिहिले. म्हाताऱ्याचे वाक्य पहिले घेतले, त्याच्या शब्दांत. बांबू दुसऱ्या वाक्यात, उपसली जाणारी वाळू तिसऱ्यात. कंबरेएवढे पाणी काढून टाकले. तिथे जायला मनाई आहे, हेही लिहिले; इतक्या वर्षांत तेही कोणी लिहिले नव्हते. शेवटून कितीही छाटले तरी पहिले वाक्य जाणार नाही, याची खात्री करून घेतली. तिने वेबसाइटवरचा मजकूरही माझ्यासमोर बदलून घेतला. निघताना मी तिचे आभार मानले. बऱ्याच वर्षांनी काम नीट झाल्यासारखे वाटत होते.

रविवारी पेपर आल्या आल्या मी पान उघडले. वाक्य पहिले होते. कुठेही छाटलेले नव्हते. पान घेऊन मी डोंगराकडे निघालो. बाई त्या दिवशी भगदाडाशी बसली होती, अजून लोक वर चढायला लागले नव्हते. काकड्या होत्या, करटोली होती, शेजारी तो बांबू भिंतीला टेकवून ठेवलेला; वर आडवा टाकला की कोणीतरी काढतो, म्हणून आता ती तो बरोबरच ठेवत होती. तिने हात पुसले आणि पान मांडीवर घेतले. तिला वाचता येत होते. बोट फिरवत सावकाश वाचत होती. ‘भात कापून झाल्याशिवाय,’ तिने मोठ्याने म्हटले. ‘बाबाचंच हाय.’

मग तिचे बोट वर गेले आणि थांबले.

मजकुराच्या वर, मजकुराच्या तिप्पट जागेत, फोटो होता. तोच. निवळशंख पाणी, मधोमध कमरेवर हात ठेवून हसणारा म्हातारा. मी पान उघडले होते तेव्हा तो मला दिसला होता आणि दिसला नव्हता. मजकूर बदलला होता, त्याच्याबरोबरचा फोटो तसाच लागला होता. बदलायला सांगायचे मला सुचले नव्हते. लिहिणाऱ्यांना आपली वाक्ये दिसतात.

‘बाबाचा आमच्याकडं फोटो नाय,’ ती म्हणाली. पुष्कळ वेळ ती पाहत राहिली. मग म्हणाली, ‘पन हा उभा हाय ना पान्यात. मग बाकीचं कोन वाचनार?’

मी म्हणालो, ‘तो ऑक्टोबरचा फोटो आहे.’

‘मला ठावं हाय. हितं लिवलंय का तसं?’

फोटोखाली ओळ होती. ‘निसर्गाच्या सान्निध्यात.’ बारा वर्षांत आमच्यापैकी कोणालाही तिथे महिना लिहावासा वाटला नव्हता. मी खिशातले पेन काढले आणि ती ओळ खोडून तिच्यावर लिहिले: हा फोटो भात कापल्यानंतरचा आहे. छापलेल्या लाखभर पानांपैकी एका पानावर.

तिने पान प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि भगदाडाच्या कडेला, डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीतून बाहेर आलेल्या सळईला अडकवले. थोड्या वेळात पहिला घोळका आला. सात-आठ जण, पाठीवर पिशव्या, हातात बॉल. त्यातला एक पानापाशी थांबला.

‘अरे हाच स्पॉट. बघ ना, पेपरमध्ये आलाय.’

‘खोल आहे का रे?’

‘नाय रे. हा म्हातारा उभा आहे बघ मध्ये. कंबरेएवढंच आहे.’

ते भगदाडातून आत गेले. मी हाक मारली. एकाने मागे वळून हात केला. बाईने काकड्यांवर फडके टाकले, बांबू उचलून खांद्यावर घेतला.

‘येतोस?’ तिने विचारले. ‘एकटीनं वढवत नाय.’

मी तिच्या मागे निघालो.